पंधराशे दहाचे साल

इतिहासाच्या पुस्तकात प्रत्येक सालाच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. इ. स. १५१० च्या वाट्याला आलेली ओळ अशी : या साली पोर्तुगीजांनी गोवे जिंकले. ओळ खरी आहे. परंतु ती इतकी आखूड आहे की, किनाऱ्यावरचे एक बंदर होते व ते गेले, एवढेच वाचणाऱ्याच्या ध्यानात राहते. मन्याडकाठच्या कंधारचा, औशाचा किंवा उदगीरचा त्या बंदराशी काय संबंध, असे सहसा कोणी विचारीत नाही. ते विचारले पाहिजे.

आज कंधार नांदेड जिल्ह्यात आहे, तर औसा आणि उदगीर लातूर जिल्ह्यात. या तीन किल्ल्यांच्या बळावर कासीम बरीद याने आपले बस्तान बसविले आणि पुढे बेदरच्या दरबाराची सूत्रे हाती घेतली. १५०४ मध्ये तो वारला व त्याचा मुलगा अमीर बरीद कारभारी झाला. सिंहासनावर सुलतान महमूदशहा होता. १४८२ पासून तो तेथे होता, पण नावापुरताच. विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडे येथील सरदार आपापल्या मुलखाचे धनी झाले होते. दख्खनचे सारे शहाणपण त्या वेळी एकाच गोष्टीत खर्ची पडत होते : शेजाऱ्याचा किल्ला कसा घ्यावा आणि आपला कसा राखावा. अमीर बरीदला इतिहासकारांनी ‘दख्खनचा कोल्हा’ म्हटले आहे. त्यात थोडा अन्याय आहे. त्या रानात कोल्हा एकच नव्हता.

वास्तविक गोव्याचे मोल बेदरला ठाऊक नव्हते असे नाही. १४७२ मध्ये ते बंदर बहमनी राज्यास जोडले, ते वजीर महमूद गावान याने. हा पुरुष इराणातील गीलान प्रांतातून समुद्रमार्गे व्यापारासाठी आलेला. बंदर म्हणजे काय, जकात म्हणजे काय, आणि मुख्य म्हणजे घोडा कोठून येतो, हे त्याला पुरते माहीत होते. दख्खनच्या लढाया घोडदळाच्या जोरावर चालत आणि लढाईचा उत्तम घोडा अरबस्तान व इराणातून गलबतात बसून येई. ज्याच्या हाती गोवे, त्याच्या हाती घोड्यांचा बाजार. कंधारचा तट कितीही उंच असो, त्याच्या पागेची वाट समुद्रावरून जात होती. अशा जाणत्या वजिराचा, दरबारी कारस्थानाला बळी पडून, सुलतानाने १४८१ मध्ये शिरच्छेद करविला. गोवे १५१० मध्ये गेले असे सांगतात. त्याच्या जाण्याची सुरुवात या दिवशी झाली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पुढची हकीकत शिकण्याजोगी आहे. १५१० च्या फेब्रुवारीत आफोंसो द आल्बुकेर्क याने, होनावरकडच्या तिमय्याच्या सल्ल्याने व साह्याने, गोवे जवळजवळ न लढता घेतले. ते विजापूरच्या युसूफ आदिलशहाकडे होते. तो मोठे सैन्य घेऊन आला आणि मे महिन्यात त्याने पोर्तुगीजांना शहरातून हुसकावून लावले. पावसाळ्यामुळे त्यांची जहाजे समुद्रात जाऊ शकेनात. नदीच्या मुखाशी उपाशीतापाशी ती अडकून पडली. शत्रू इतका कोंडीत सापडला होता! परंतु त्या अवधीत दख्खनचा दुसरा कोणी सत्ताधीश युसूफच्या मदतीस धावला नाही. युसूफ त्याच वर्षी मरण पावला, गादीवर अल्पवयी इस्माईल बसला, आणि २५ नोव्हेंबर रोजी आल्बुकेर्कने पुन्हा येऊन शहर घेतले. त्यानंतर तेथील मुसलमान रहिवाशांची जी कत्तल झाली, ती भयंकर होती.

दख्खनची सैन्ये दुबळी होती म्हणून गोवे गेले, हे मत टिकत नाही. युसूफने ते एकदा परत घेतलेच होते. उणीव होती ती दृष्टीची. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळापासून जगत्तुंग सागर नावाचे विस्तीर्ण तळे आहे. बरीदांच्या काळी या मुलखाचा सागर तेवढाच उरला होता, असे कोणी म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

जगात अन्यत्र त्या वर्षी काय चालले होते? रोममध्ये मायकेलअँजेलो सिस्टाइन प्रार्थनामंदिराच्या छतावर चित्रे रंगवीत होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हा विचार कोपर्निकस याच सुमारास मांडू लागला होता. आणि बंगालमध्ये चोवीस वर्षांच्या एका विद्वान तरुणाने संन्यास घेतला. ते चैतन्य महाप्रभू. त्याच वर्षी ते दक्षिणयात्रेस निघाले आणि त्या यात्रेत पंढरपुरासही आले, असे ‘चैतन्यचरितामृत’ सांगते. एकनाथांचे पणजोबा, पैठणचे भानुदास, यांचाही काळ हाच. विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती कृष्णदेवरायाकडून त्यांनी परत आणली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पंजाबात गुरू नानकदेव त्या वर्षी एक्केचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या परंपरेतील दहावे गुरू १७०८ मध्ये नांदेडला गोदातीरी देह ठेवतील, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नीही नव्हते. सुलतान एकमेकांचे रस्ते अडवीत होते, तेव्हा यात्रेकरू मात्र बंगालपासून भीमेपर्यंत चालत होते. पुस्तकातील त्या एका ओळीत यांनाही जागा हवी होती.

गोव्याचा अंमल बदलला, याची वार्ता उदगीरच्या शेतकऱ्याला कधी कळली असेल ते असो. त्याचा शेतसारा त्यामुळे कमी झाला नाही. त्या वेळी त्याच्या भाकरीबरोबर तिखट म्हणून मिरी, पिंपळी किंवा आले असे. अमेरिकेतून पोर्तुगीज गलबतांनी आणलेले एक लाल फळ पुढे याच किनाऱ्यावर उतरले आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून आले. मिऱ्यावरूनच लोकांनी त्याला मिरची म्हटले. तिच्यामागून सीताफळ आले, पेरू आला, तंबाखू आली. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी, चारशे एक्कावन्न वर्षांनी, संपली. औशाच्या बाजारात मिरचीचे ढीग अजून लागतात, आणि ती परमुलखातून आली असे सांगितले तर विकणारी म्हातारी हसते.