बीमच्या टेम्पोवर विंच बसवा : भिवंडीतील बीम-हमाल व टेम्पोचालकांचे मागणीपत्र

प्रति,
भिवंडी शहर व परिसरातील सर्व सायझिंगमालक, यंत्रमाग कारखानदार आणि वाहतूकदार

प्रत कार्यवाहीसाठी : औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, कामगार आयुक्त, परिवहन विभाग, माथाडी मंडळ

विषय : सायझिंग ते गाळा या टप्प्यात बीमची चढ-उतर करणाऱ्या वाहनांवर विजेवर चालणारी विंच बसवण्याबाबत, आणि त्यामुळे कोणाचाही रोजगार व मजुरी कमी न करण्याबाबत.

महोदय,

सायझिंगमध्ये कांजी दिलेले तार बीमवर गुंडाळून झाले की पुढचे काम आमचे. नारपोली असो, कामतघर असो, शांतीनगर असो की खोणी, बीम टेम्पोतून जातो आणि टेम्पोत चढतो-उतरतो तो माणसाच्या कमरेवर. वार्पिंगला मोटर आहे, सायझिंगला मोटर आहे, मागाला मोटर आहे. मधल्या टप्प्याला तेवढी नाही. बीम टेम्पोत चढवायला आणि गाळ्याच्या दारात उतरवायला टेम्पोवरच एक छोटी विंच असावी, ही आमची मूळ मागणी. बाकीच्या मागण्या तिच्यातूनच निघतात आणि त्यांतल्या काही मूळ मागणीपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

आधी वजनाचे बोलू, कारण "एवढा काही जड नसतो" हे उत्तर आम्ही दर वेळी ऐकतो. ४० नंबरी सुताचे एक किलोमीटर तार पावणेपंधरा ग्रॅमच्या आसपास भरते. ३६०० तारांचा, १५०० मीटर लांबीचा बीम घ्या. नुसते सूतच ८० किलो होते. त्यावर कांजीचे वजन आणि लोखंडी रिकाम्या बीमचे वजन धरले की शंभरी मागे पडते. सूत जाडे असेल तर लांबी कमी घेतात, पण वजन फारसे उतरत नाही. हा हिशेब प्रत्येक सायझिंगच्या ऑफिसात रोज होतो, कारण सूत तोलूनच घेतले-दिले जाते. बीमच्या चिठ्ठीवर सेट नंबर, तार आणि मीटर लिहिलेले असतात. वजन मात्र नसते. म्हणून पहिली मागणी बिनखर्चाची आहे : प्रत्येक बीमच्या चिठ्ठीवर एकूण वजन, रिकाम्या बीमसकट, ठळक अक्षरांत लिहावे.

बीम उतरतो कसा, हे ज्यांनी केबिनमधूनच पाहिले आहे त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उलटा लागतो, कारण आत शिरायला जागा नसते. मागची फळी पडते. खाली एक जुना टायर टाकतात. वरचे दोघे बीम टोकांना धरून कडेपर्यंत लोळवतात, खालचे दोघे छाती लावून तो झेलतात आणि वेग मारत टायरवर सोडतात. वरच्याचा हात दांड्यावरून निसटला तर लोखंडी चकती खालच्याच्या मांडीवर नाही तर पावलावर येते. पावसाळ्यात फळी ओली आणि दांड्याला ग्रीस. चकती जमिनीवर आपटली की कडेचे तार ढिले पडतात. तो बीम मागावर चढला की किनारीचे तार तुटत राहतात आणि जॉबर दिवसभर शिव्या घालतो. त्या शिव्याही शेवटी आमच्याच नावावर. बीम सरळ खाली टेकला तर कारखानदाराचे कापडही वाचते, हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण कमरेच्या दुखण्यापेक्षा खराब कापडाचा हिशेब लवकर पटतो.

कायद्याने काय म्हटले आहे? कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ नुसार इजा होण्याचा संभव असेल एवढे जड ओझे कोणालाही उचलायला लावता येत नव्हते. कलम २९ नुसार उचलयंत्र, साखळी, दोर यांवर सुरक्षित भार ठळक लिहिलेला हवा होता आणि सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा त्यांची कसून तपासणी हवी होती. आता हा विषय २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत गेला आहे. मालकाची जबाबदारी तीच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये माणसाने वाहायच्या कमाल ओझ्याबाबत करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सांगितली. भारताने त्या कराराला २०१० मध्ये मान्यता दिली.

अडचण वेगळीच आहे. कामगारांची संख्या कमी दाखवली की गाळा कारखान्याच्या व्याख्येबाहेर जातो. बीम उतरतो तो तर रस्त्यावर, जिथे कारखानाच नाही. सायझिंगवाला म्हणतो माल दाराबाहेर गेला, कारखानदार म्हणतो माल अजून आत आला नाही, टेम्पोमालक म्हणतो माझे काम चाके फिरवण्याचे. म्हणून आम्ही कारखान्याच्या कायद्यावर विसंबून न राहता १९६९ च्या माथाडी कायद्याकडे बोट दाखवतो. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केले त्यातून तो आला. ओझे चढवणे, उतरवणे, वाहणे हे काम जिथे होते तिथल्या कामगाराची नोंद, मजुरी आणि लेव्ही मंडळामार्फत व्हावी, हा त्याचा गाभा. आमच्यातल्या अनेकांची आजही नोंद नाही. विंच बसण्याच्या आधी ही नोंदणी पूर्ण झाली पाहिजे. क्रम उलटा झाला तर विंच आल्यावर "आता हमाल कुठे आहेत?" असे विचारणे सोपे जाते.

आता विंचबद्दल. येथे आम्ही हात सैल सोडणार नाही, कारण चुकीची विंच असण्यापेक्षा नसलेली बरी.

बाजारात स्वस्तात मिळते ती बहुतेक वेळा चिखलात रुतलेली जीप ओढून काढायची विंच असते. तिच्यावर लिहिलेला आकडा ओढण्याचा असतो, उचलण्याचा नव्हे. ओढताना दोर सैल झाला तर जीप जागेवर थांबते. उचलताना ब्रेक सुटला तर बीम माणसावर येतो. म्हणून उत्पादकाने उचलण्यासाठी दिलेलीच विंच घ्यावी, वीज गेली तरी भार जागच्या जागी धरून ठेवणारा आपोआप लागणारा ब्रेक तिला असावा आणि सुरक्षित भार ५०० किलोंपेक्षा कमी नसावा. आपले बीम त्याहून बरेच हलके आहेत, मग एवढा भार कशाला, असे विचारले जाईल. कारण विंचवरचा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. दोराचे थर एकावर एक चढले की ड्रम जाड होतो आणि ताकद घटते. चौथ्या थराला ती तीनात दोन हिश्श्यांवर येऊ शकते. शिवाय बीम झटक्याने उचलला गेला तर दोरावर त्याच्या वजनापेक्षा जास्त ताण येतो.

दोर पोलादी तारांचा असावा. पूर्ण सोडल्यावरही ड्रमवर किमान पाच वेढे राहिले पाहिजेत. टोकाला कारखान्यात दाबून बसवलेला फासा हवा. वेळप्रसंगी यू-क्लँप लावावे लागले तर तीनपेक्षा कमी नकोत, आणि त्यांचा वाकलेला भाग दोराच्या भार नसलेल्या शेपटावर आला पाहिजे. हे नेमके उलटे बसवलेले आम्ही किती ठिकाणी पाहिले आहे, याची यादी देण्याची ही जागा नव्हे. बीमला दोर सुतावरून गुंडाळायचा नाही. वर आडवा दांडा आणि त्याला दोन हूक, ते बीमच्या दोन्ही टोकांच्या लोखंडात अडकतील असे. असा दांडा भिवंडीतला कोणताही चांगला फॅब्रिकेशनवाला बनवेल, पण त्याच्यावरही भार कोरलेला हवा आणि वापरण्याआधी चाचणी हवी. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार हूक, पट्टे, साखळ्या यांची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. आपल्याकडे रुई आणि दमट हवा पाहता बारा महिने थांबणे आम्हाला पटत नाही. आम्हीही सहाच महिने मागतो.

बटण दाबून धरले तरच विंच चालावी, बोट सोडले की थांबावी. हूक वर, दोर तोलणाऱ्या विंचच्या लोखंडी हाताच्या टोकाला आपटण्याआधी थांबवणारा लिमिट स्विच हवा. बटणाची वायर एवढी लांब हवी की चालवणारा बीमच्या खाली नव्हे, बाजूला उभा राहील. हा हात टेम्पोबाहेर काढला की गाडी स्प्रिंगवर एका अंगाला कलते. छोट्या हत्तीसारख्या गाडीला त्यामुळे खाली टेकणारे जॅक दिल्याशिवाय हात बाहेर काढता येऊ नये.

बॅटरी टिकणार नाही, ही तक्रार आधीच ऐकू येते आहे. दोनशे किलोंचा बीम एक मीटर उचलायला दोन हजार ज्यूल लागतात. विंचमध्ये दोन तृतीयांश शक्ती वाया गेली असे धरले तरी १२ व्होल्टच्या बॅटरीतून एका बीममागे पाव अँपिअर-तासाहूनही कमी जाते. चाळीस बीम चढवले तरी दहा अँपिअर-तासांच्या आतच, आणि मधल्या प्रवासात अल्टरनेटर तेवढी वीज भरून काढतो.

गाळ्याच्या छताला चेनब्लॉक टांगा, टेम्पोवर कशाला, असेही काहींचे म्हणणे आहे. त्यांनी पटेल कंपाउंड आठवावे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे तिथली जिलानी इमारत कोसळली. खाली माग धडधडताहेत आणि वर माणसे राहताहेत अशा जुन्या बांधकामांच्या स्लॅबला भार टांगायला आमची तयारी नाही. गाडीवरची विंच गाडीच्या चासीवर उभी असते.

परिवहन विभागाकडे आमची एकच विनंती आहे, पण ती अडली तर बाकीचे सारे अडेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्राधिकरणाच्या संमतीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही. विंच बसली की गाडीचे रिकामे वजन वाढते, म्हणजे वाहून न्यायचा माल तेवढा कमी होतो. हे नोंदणीपुस्तकात उतरले नाही तर नाक्यावर दंड चालकाला आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त. प्रत्येक चालकाने स्वतंत्र खेटे घालण्याऐवजी नेहमीच्या तीन-चार मॉडेलांसाठी एक मंजूर आराखडा काढावा.

मालमोटारीवर उचलयंत्र बसवण्याला आता शंभरहून जास्त वर्षे झाली. १९१६ साली अमेरिकेत चॅटनूगाच्या अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्याने, ओढ्यात पडलेली मोटार माणसांच्या बळावर काढताना झालेली दमछाक पाहून, जुन्या गाडीवर क्रेन बसवली. भिवंडीत ही गोष्ट फार लवकर मागितली गेली, असे कोणी म्हणू नये.

मजुरीबद्दल मात्र स्पष्टच बोलतो. आमच्याच सभासदांपैकी बऱ्याच जणांचा विंचला विरोध होता, आणि तो अडाणीपणाचा नव्हता. आज चार माणसे लागतात. उद्या बटणावर एक आणि खाली एक पुरला की दोन घरांची चूल विझते, हे त्यांना दिसत होते. म्हणून आमच्या अटी अशा. बीममागचा सध्याचा दर विंच आल्यावर कमी होणार नाही. टोळीत चालक सोडून किमान तीन माणसे राहतील. विंच उचलते, पण बीम धरून वळवायला, गाळ्यात लोळवत न्यायला आणि मागाशी लावायला हात लागतातच. विंच चालवणारा बाहेरून आणला जाणार नाही. त्याला प्रशिक्षण देऊन टोळीतूनच घेतला जाईल, आणि पहिला मान ज्याची कंबर या कामात गेली आहे त्याचा. ज्याला आज "आता जमत नाही" म्हणून घरी पाठवले जाते, त्याला बीम कसा तोलायचा हे नव्या पोरापेक्षा जास्त कळते. वेळ वाचून फेऱ्या वाढल्या तर वाढलेल्या फेऱ्यांचे पैसे टोळीला मिळतील.

खर्च कोणाचा? हमालाचा नक्कीच नाही. टेम्पोचा मालक बहुतेक वेळा स्वतःच चालक असतो आणि गाडीचा हप्ता फेडत असतो, त्याच्यावरही तो एकट्याने पडू नये. बीममागे एक ठरावीक रक्कम सायझिंग आणि कारखानदार यांनी निम्मी-निम्मी द्यावी आणि विंचची किंमत वसूल झाली की ती बंद व्हावी. सरकारकडेही आमचे म्हणणे आहे. साध्या मागांच्या सुधारणेला अनुदान देणारी पॉवरटेक्स इंडिया योजना १ एप्रिल २०१७ रोजी येथेच, भिवंडीत सुरू झाली होती. राज्याचे २०२३ ते २०२८ चे वस्त्रोद्योग धोरणही आहे. मागाला पैसे मिळतात आणि मागापर्यंत बीम नेणाऱ्या गाडीला नाहीत, ही तफावत दूर व्हावी.

सुरुवात सगळीकडे एकदम करा, असे आम्ही म्हणत नाही. एक सायझिंग, दोन टेम्पो आणि त्यांचे नेहमीचे गाळे घेऊन महिनाभर चालवून पाहू. प्रत्येक फेरीला किती बीम, किती वेळ, किती तार ढिले, कोणाला काही लागले का, हे मुकादम आणि आमचा एक सभासद मिळून वहीत लिहितील. ती वही दोन्ही बाजूंना खुली राहील.

या मागणीपत्राला पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ते न आल्यास आम्ही काम बंद ठेवणार नाही. मात्र सोळाव्या दिवसापासून ५५ किलोंना एक माणूस या हिशेबानेच बीमला हात लागेल. चिठ्ठीवर वजन नसलेला बीम १५० किलोंचा धरून त्याला तीन माणसे लावली जातील. १६५ किलोंच्या वर चौथा माणूस येईल, २२० च्या वर पाचवा, आणि त्या प्रत्येकाची मजुरी बिलात वेगळ्या ओळीत दाखवली जाईल.

आपले,
बीम-हमाल व टेम्पोचालक संघटनेचे पदाधिकारी आणि सभासद
भिवंडी, जि. ठाणे