दर्जा दिलात, पाणी द्या

मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. शेतीच्या दराने वीज, किसान क्रेडिट कार्ड, विमा असे सारे आता मच्छीमारांनाही मिळणार. मागणी जुनीच होती, निर्णय योग्य आहे. पण ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला कोळी किंवा डोंबिवलीच्या मोठागावातला आगरी विचारणारच: वीज दिलीत, कर्ज दिलेत, पाण्याचे काय?

उल्हास नदी कल्याणच्या खाडीत येते तोवर तिच्यात वालधुनीने उल्हासनगरची घाण ओतलेली असते. वर डोंबिवली एमआयडीसीचे नाले आहेतच. २०१४ मध्ये याच डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. चौकशा झाल्या, नोटिसा निघाल्या, नाले वाहतच राहिले. ज्या रसायनाने डांबर रंगते, त्यात बोईट, खरबी, निवट्या जगायच्या कशा? ठाणे खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जाही मिळाला. दर्जे मिळवण्यात ही खाडी कधीच मागे नव्हती! फ्लेमिंगोंचे फोटो छान येतात. खाडीकाठच्या माणसाच्या ताटातली मासळी मात्र बाजारातून विकत आणावी लागते.

मासळी आणि शेती वेगळी नाही, हे सरकारला आता उमगले. पेण-अलिबागकडचा शेतकरी भातखाचरांशेजारच्या तळ्यात पिढ्यान्‌पिढ्या जिताडा पाळतो, तो कोणत्या दर्जाची वाट पाहत बसला नव्हता. नुसत्या सरकारी योजनेचे काय होते, ते केनियात पाहा. तिथे सरकारने २००९ पासून शेतकऱ्यांना हजारो मत्स्यतळी खोदून दिली. गरिबाच्या घरात मासे शिजावेत, हा हेतू चांगलाच होता. पुढे सरकारी मदत आटली, खाद्य परवडेना आणि पुष्कळ तळी ओस पडली. आपल्याकडे तर योजना सुरू होण्याआधीच पाणी नासलेले आहे. अशा पाण्याकाठी कर्ज काढायला लावणे म्हणजे मच्छीमाराच्या नावावर थकबाकी चढवणे.

शेतात कारखान्याचे रसायन शिरले, तर शेतकरी पिकाची भरपाई मागतो. मच्छीमार आता शेतकरी ठरला असेल, तर खाडीत मेलेल्या मासळीची भरपाईही त्याला सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याकडून मिळाली पाहिजे. तेवढी एक ओळ शासन निर्णयात घालण्याची हिंमत मत्स्यव्यवसायमंत्री नितेश राणे यांनी दाखवावी.