घाणेरीचा हिशोब कोण ठेवणार?



घाणेरी ओळखत नाही असा विद्यार्थी जालना जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. बांधाच्या कडेला, ओढ्याकाठी, गायरानात, देवळामागच्या माळावर ती दिसतेच. कोणी तिला टणटणी म्हणतात, विदर्भाकडे रायमुनिया म्हणतात. पान चुरगळले की उग्र वास येतो, म्हणून ती घाणेरी. ती इतक्या ओळखीची झाली आहे की, हे झुडूप आपल्या देशातले नव्हेच असे सांगितले तर घरातील वडीलधारी माणसेही चटकन मानीत नाहीत. पण ते परदेशीच आहे, आणि ते येथे चुकून आलेले नाही. बागेची शोभा वाढावी म्हणून माणसाने ते हौसेने आणले.

घाणेरीचे मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील उष्ण प्रदेशात. सतराव्या शतकात डच लोकांनी ती ब्राझीलमधून हॉलंडात नेली. युरोपातील काचगृहांत माळ्यांनी तिचे निरनिराळे संकर केले. लिनियसने १७५३ साली तिला ‘लँटाना कमारा’ हे शास्त्रीय नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणून लावली. तेथून ती बंगल्यांच्या कुंपणांवर गेली आणि कुंपणांवरून रानात शिरली. म्हणजे आज आपल्या डोंगरावर जी आहे, ती अमेरिकेच्या रानातली मूळ जात जशीच्या तशी नव्हे. ती माळ्यांच्या हातून पारखून, घडवून निघालेली आहे. ती इतकी चिवट का, याचे थोडे उत्तर येथेच मिळते.

आता तिच्या फुलांकडे पाहा. एकाच गुच्छात मधली फुले पिवळी आणि कडेची नारिंगी, लाल किंवा गुलाबी दिसतील. कडेचे फूल आधी उमललेले असते. उमलताना ते पिवळे असते आणि त्यात मध असतो. परागीभवन झाले की रंग बदलतो आणि मध जवळजवळ संपतो. फुलपाखरू अचूक पिवळ्यावरच बसते. एखादी सुटी घालवून हे मोजून पाहण्यासारखे आहे. मग जुनी फुले झाड टाकून का देत नाही? कारण रंगीबेरंगी मोठा गुच्छ लांबून दिसतो आणि पाहुणे येतात. ही युक्ती पाहून कौतुकच वाटते, आणि कौतुक करण्यास माझी काही हरकत नाही!

पुढचे काम पक्षी करतात. एका मोठ्या झाडाला वर्षाला दहा-बारा हजारांपर्यंत फळे धरू शकतात. पिकून काळीनिळी झाली की बुलबुल आणि साळुंक्या ती खातात, आणि ज्या झाडावर जाऊन बसतात त्याच्याखाली बिया पडतात. म्हणून बाभळीखाली, बोरीखाली घाणेरीची रोपे हमखास सापडतात. तोडली तर ती बुंध्यापासून पुन्हा फुटते. वणव्यात जळाली तरी पुष्कळदा तळाशी जिवंत राहते. तिच्या दाट जाळीखाली ऊन पोचत नाही, आणि तिच्या पानांतील व मुळांतील काही रसायने इतरांच्या बिया रुजू देत नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडले की, देशातील वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून अधिक भागात, सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलात, घाणेरी शिरलेली आहे. आपला सगळा महाराष्ट्र सुमारे तीन लाख चौरस किलोमीटरचा, हे लक्षात घेतले की आकडा किती मोठा आहे ते कळेल.

तुम्ही म्हणाल, जालन्यात वाघ कोठे आहेत? नाहीत. जंगलही नाही म्हटले तरी चालेल. राज्यातील सर्वांत कमी वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा मोडतो. शंभर एकरांमागे दोन एकरसुद्धा जंगल भरत नाही. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगांचे उतार, इकडेतिकडे काही टेकड्या आणि गावोगावची गायराने, एवढीच आपली रानाची शिल्लक. आणि येथला प्रश्न वाघाचा नसून गवताचा आहे. पवन्या, मारवेल, शेडा ही चाऱ्याची चांगली गवते उन्हात वाढणारी. घाणेरीच्या सावलीत ती टिकत नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात येथल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि जनावरे छावण्यांत न्यावी लागली, हे तुम्हाला घरी ऐकायला मिळाले असेल. अशा वर्षी माळावरच्या एकेका पेंढीला किंमत येते. एरवी गुरे घाणेरीला तोंड लावीत नाहीत, पण भुकेली गुरे ती खातात आणि तिच्यातील लँटाडिन नावाच्या विषाने त्यांचे यकृत बिघडते. उन्हात उभी राहिली की अशा जनावरांची कातडी भाजल्यासारखी सोलते.

काही जण म्हणतात, असू द्या, निदान माळ हिरवा दिसतो, फुलपाखरांना मध मिळतो, माती धरून राहते. यात तथ्य नाही असे नाही. पण त्याच जाळीत रानडुकरे दडतात आणि रात्री पिकात उतरतात, हे शेतकऱ्याला विचारा. शिवाय त्या हिरवाईखाली पळसाचे, धावड्याचे, खैराचे नवे रोप दिसते का ते वाकून पाहा. जुनी झाडे आहेत तोवर रान दिसेल; ती मेल्यावर त्यांची जागा घ्यायला कोणी नसेल.

मग उपाय काय? किडे सोडून पाहिले गेले. हवाई बेटांवर १९०२ साली मेक्सिकोतून कीटक आणून हा प्रयोग सुरू झाला. भारतात १९४१ साली ऑस्ट्रेलियातून एक ढेकूण आणला. तो सागालाही खाईल अशी शंका आली म्हणून साठा नष्ट केला, तरी काही निसटलेच. ढेकूण पसरला आणि घाणेरीही पसरली. तिचे सामान करावे असेही सुचवतात. कर्नाटकात सोलिगा लोक तिचे फर्निचर करतात, तामिळनाडूत गुडलूरजवळ तिच्या काड्यांचे मोठाले हत्ती घडवले जातात. लोकांना रोजगार मिळतो ही चांगलीच गोष्ट, पण खुर्च्या करून डोंगर मोकळा होईल असे मला वाटत नाही.

मला भरवशाची वाटते ती दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात वापरलेली रीत. जमिनीखाली सुमारे तीन इंचांवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. मग त्या जागी गवत पेरायचे आणि पक्षी बसतात त्या झाडांखाली उगवणारी रोपे पुढची काही वर्षे उपटत राहायचे. कष्ट या शेवटच्या कामातच आहेत, आणि तेच कोणी करीत नाही. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्यात ५० कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य ठेवले होते. लावलेल्या रोपांची मोजदाद झाली. किती घाणेरी काढली याची वही कोणी ठेवली? माझे मत असे की, मोकळ्या केलेल्या आणि मोकळ्या राखलेल्या जागेचाही हिशोब ठेवावा. सगळ्या देशातून ती जाणार नाही हे उघड आहे. पण जालन्याचे रान थोडे आहे हेच येथे सोयीचे आहे. दहा-वीस टेकड्या सांभाळणे गावांच्या आवाक्यात आहे. आणि रोपवाटिकांनी लँटानाच्या शोभेच्या जाती विकणे थांबवावे. वांझ म्हणून विकलेल्या जातींचे परागसुद्धा रानटी झाडांपर्यंत पोचू शकतात.

गुरुजनांना एक विनंती. ग्रामपंचायतीला विचारून गायरानात पाच मीटर लांब-रुंद असे दोन तुकडे आखा. एकातली घाणेरी पावसाळ्याच्या तोंडाशी, फळे धरण्याआधी, वरील रीतीने काढा. दुसरा तसाच ठेवा. तीव्र उतारावर मात्र सगळी एकदम काढू नका, माती वाहून जाईल. दोन्हींतील गवताचे प्रकार आणि नवी रोपे दिवाळीनंतर आणि पुढच्या वर्षी मोजा. काटे आहेत, तेव्हा हातात जाड मोजे हवेत. हिरवी फळे विषारी आहेत, ती कोणी तोंडात घालू नयेत, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.