सँटोरिनी नेमकं कधी फुटलं?

हनिमूनला कुठे? या प्रश्नाचं एक हॉट उत्तर म्हणजे सँटोरिनी. पांढरी घरं, निळे घुमट, खाली समुद्र. फोटोत मागे जो गोलसर समुद्र दिसतो ना, ते खरं तर ज्वालामुखीचं तोंड आहे. हे मात्र कॅप्शनमध्ये कुणी लिहीत नाही! साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हे ग्रीक बेट फुटलं आणि अक्रोतिरी नावाचं अख्खं शहर राखेखाली गेलं. १९६७ मध्ये स्पिरिदोन मारिनातोस यांनी तिथे उत्खनन सुरू केलं, तेव्हा दोन-तीन मजली घरं, भिंतींवरची रंगीत चित्रं, मोठमोठे रांजण असं सगळं निघालं. माणसं मात्र आधीच निघून गेली असावीत.

पण फुटलं कधी? यावर पुरातत्त्ववाले आणि लॅबवाले कित्येक वर्षं भांडताहेत. फरक साधारण शंभर वर्षांचा.

पुरातत्त्ववाल्यांचं उत्तर होतं इसवी सनापूर्वी १५००च्या आसपास. हे आलं इजिप्तमधून. तिथल्या राजांच्या काळातल्या वस्तू आणि ग्रीक बेटांवरची मातीची भांडी यांची सांगड घालून. आता इजिप्तचं कॅलेंडर कसं, तर ‘अमुक राजाचं पाचवं वर्ष’. सलग सन नाहीच. असा सीव्ही डोळ्यासमोर आणा, ज्यात जॉइनिंगच्या तारखा नाहीत, फक्त कुठल्या बॉसखाली किती वर्षं काढली तेवढं लिहिलंय. वर दोन नोकऱ्या एकाच वेळी केल्या असण्याची शक्यता! बाप-लेक एकत्र राज्य करायचे, ती वर्षं दोनदा मोजली तर सगळा हिशोब सरकतो.

मग २००६ मध्ये ऑलिव्हची एक फांदी आली. सँटोरिनीच्या राखेत गाडली गेलेली. कार्बनने तारीख दिली इ.स.पू. १६२७ ते १६००. लॅबवाले खूश. विरोधक म्हणाले, ऑलिव्हच्या खोडातली वर्तुळं धड मोजता येत नाहीत. मुद्दा बरोबरच होता. २०१८ मध्ये शार्लट पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातला पाइन आणि आयर्लंडमधला ओक घेऊन एकेका वर्षाच्या वर्तुळातला कार्बन मोजला. निघालं असं, की कार्बनच्या तारखा ज्या तक्त्यावरून वाचतात, तोच तिथे थोडा चुकत होता. स्फोट इ.स.पू. १६०० ते १५२५ मध्येही बसू शकतो. म्हणजे लॅबवाल्यांनी स्वतःचंच घड्याळ उघडून बघितलं. मला हे जाम आवडलं.

कारण दुसऱ्या टाइपची मंडळीही आहेत. डेव्हिड रोल यांनी १९९५ मध्ये ‘अ टेस्ट ऑफ टाइम’ लिहून इजिप्तचा इतिहास थोडाथोडका नाही, तीनेकशे वर्षं अलीकडे ओढला. बायबलमधल्या गोष्टींशी जुळवण्यासाठी. पुस्तक गाजलं, टीव्ही मालिका झाली. वाचायला सॉलिड आहे, थ्रिलरसारखं. पण २०१० मध्ये म्युझियममधल्या बिया, टोपल्या, कापड अशा दोनशेहून जास्त नमुन्यांचं कार्बन-डेटिंग झालं आणि जुना कालक्रम बराचसा टिकला. तीनशे वर्षं सरकवायला त्यात जागाच उरली नाही.

शंभर वर्षांनी काय बिघडतं, असं विचाराल, तर शेजारी बदलतात. स्फोट झाला तेव्हा उत्तर इजिप्तवर बाहेरून आलेल्या हिक्सोसांचं राज्य होतं, की त्यांना हुसकावून लावणारा अहमोस गादीवर होता? या बेटांवरचे व्यापारी जहाजं घेऊन कुणाच्या दारात जात होते?

२०२५ मध्ये यावर आणखी एक अभ्यास आला. अहमोसच्या नावाचा शिक्का असलेली मातीची वीट, प्रेताभोवती गुंडाळलेलं कापड, लाकडी बाहुल्या अशा म्युझियममधल्या वस्तूंच्या तारखा काढल्या. निष्कर्ष: स्फोट अहमोसच्या आधीचा. शिवाय अहमोसचा काळ जे जरा अलीकडे धरतात, त्यांची बाजू वरचढ. एकाच पेपरात दोन्ही गटांना थोडंथोडं! स्फोटाचं नेमकं वर्ष मात्र अजूनही कुणाच्या हाती लागलेलं नाही.