बिल कुणाच्या टेबलावर आहे?

येणं आणि देणं. जमाखर्चाच्या या दोन बाजू. यातल्या येण्याचं कौतुक सगळ्यांना! वसुलीला माणसं नेमतात, विक्री वाढवणाऱ्याला बक्षिसं देतात. देण्याचा विभाग मात्र बिचारा कोपऱ्यात. मोठ्या कंपन्यांत त्याला 'अकाउंट्स पेयेबल' म्हणतात. ज्यांच्याकडून माल घेतला, काम करून घेतलं, त्यांची बिलं तपासायची, मंजूर करून घ्यायची आणि पैसे चुकते करायचे, हे त्याचं काम. अलीकडे हे काम 'क्लाउड'वरच्या सॉफ्टवेअरमधून होतं. वेळ वाचतो, कागद वाचतो, माणसं कमी लागतात, असे त्याचे फायदे सांगतात. ते खरंच आहेत. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे. बिल आत्ता कुणाच्या टेबलावर पडलंय, हे लपवता येत नाही!

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. जमाखर्चाशी माझा संबंध सहलीच्या वर्गणीपुरता. तेव्हा 'आजीला यातलं काय कळतं' असं घरचेच म्हणतील. पण मुळशीत राहून हा विषय टाळता येत नाही हो. तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी-माणचं आयटी पार्क, इकडे पिरंगुट, घोटवडे फाट्याकडे कारखाने, आणि त्या सगळ्यांना खोकी, डबे, गाड्या, गणवेश पुरवणारी माणसं आमच्याच गावांतली. त्यांतले काही माझ्या वर्गात बसलेले.

असाच एक जुना विद्यार्थी पुठ्ठ्याची खोकी बनवतो. सात-आठ माणसं हाताखाली आहेत. कागदाचे पैसे त्याला आगाऊ मोजावे लागतात, कामगारांचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. आणि त्याचं स्वतःचं बिल? एका ठिकाणी ते चार-चार महिने भिजत घोंगडं. फोन केला की ठरलेलं उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे." तो मला म्हणाला, "बाई, नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. निदान पतसंस्थेकडे जायचं की नाही ते ठरवता आलं असतं." या वाक्यात मला सगळा विषय सापडला. उशीर वाईटच, पण अंधारातला उशीर जास्त वाईट.

आता हा 'क्लाउड' म्हणजे काय? ताम्हिणीच्या ढगांत वाढलेल्या आम्हा लोकांना ढगाचं नवल ते काय! पण हा ढग आकाशात नसतो. तो कुठल्या तरी भक्कम इमारतीतल्या हजारो संगणकांवर असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात आपली क्लाउड केंद्रं सुरू केली, त्यातलं एक चक्क पुण्यात आहे. कंपनीने हिशेब आपल्या कार्यालयातल्या एका संगणकावर न ठेवता अशा ठिकाणी ठेवायचा आणि ज्याला परवानगी आहे त्याने तो कुठूनही उघडायचा. झालं, एवढंच.

माझी भाची याच विभागात काम करते. तिच्याकडून मी एकदा हे सगळं समजून घेतलं. पूर्वी बिल टपालाने यायचं, मग स्टोअरकडे, मग खरेदीवाल्या साहेबांकडे, मग हिशेबनिसाकडे. साहेब रजेवर गेले की बिलही रजेवर! आता बिल आलं की त्याची नोंद तारखेसह होते. मागणी किती होती, माल प्रत्यक्ष किती पोचला आणि बिल कितीचं आहे, या तिन्ही गोष्टी सॉफ्टवेअर ताडून पाहतं. जुळलं तर बिल पुढे, नाही जुळलं तर कुठे अडलं ते समोर दिसतं. एकच बिल दोनदा आलं तर ते लगेच इशारा देतं. पुरवठादाराने जीएसटीचं विवरण भरलंय का, हेही पाहता येतं, कारण ते भरलं नसेल तर कंपनीला त्या कराची वजावट मिळत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती नेमकी वर्षअखेरीला. ज्यांची चेकबुकं आणि फायली कार्यालयात अडकल्या, त्यांची देणीही अडकली. भाची मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलावरून बिलं पुढे सरकवत होती.

कायद्यानेही आता थोडी शिस्त आणली आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. खाडाखोड झाली तर कधी झाली, ते दिसणार. आमच्या वेळी हजेरीपटावर खाडाखोड करायची नाही असा दंडक होता, त्याचीच ही आवृत्ती!

पण मंडळी, इथवरचे सगळे फायदे देणाऱ्याचे झाले. ज्याचं देणं आहे त्याचं काय?

कायदा त्याच्या बाजूने आहे. २००६ च्या कायद्यानुसार लघुउद्योगाकडून माल घेतला तर ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज! शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा करता येतो. म्हणजे उशीर करणाऱ्याच्या खिशाला चिमटा. पण खोकी बनवणारा माझा विद्यार्थी तक्रार करायला जाईल का? नाही जाणार. गिऱ्हाईक तुटेल ही भीती. कायदा कागदावर आणि हा बिचारा फोनवर.

म्हणून मला वाटतं, या सॉफ्टवेअरची एक खिडकी पुरवठादारासाठी उघडली पाहिजे. ही सोय त्यात असते, फक्त ती द्यायची की नाही हे कंपनीच्या मनावर. त्याच विद्यार्थ्याच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने ती दिली आहे. बिल मिळालं, तपासलं, मंजूर झालं, अमुक तारखेला पैसे, हे सगळं त्याला मोबाइलवर दिसतं. पैसे तिथेही लगेच मिळत नाहीत, पण तारीख कळते. त्या तारखेवर तो कागदवाल्याला शब्द देऊ शकतो. शब्द देता येणं ही धंद्यात केवढी मोठी गोष्ट आहे!

आणि हे अशक्य म्हणावं तर आपल्या ग्रामपंचायती पाहा. 'ई-ग्रामस्वराज' २०२० मध्ये सुरू झालं. ज्या गावात पूर्वी दप्तर पाहायला मागितलं की कपाटाची किल्ली सापडायची नाही, त्या गावाच्या कामांचा खर्च आता कुणालाही घरबसल्या पाहता येतो. जे ग्रामपंचायतीला जमतं ते काचेच्या इमारतीतल्या कंपन्यांना का जमू नये?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. शिक्षकांना ती चांगली ठाऊक आहे. आमच्या काळी पगारबिल हाताने लिहून कार्यालयात न्यायचं आणि वाट पाहायची. मग 'शालार्थ' प्रणाली आली, पगार थेट ऑनलाइन. सगळे खूश! पण जानेवारी २०१८ मध्ये ती कोलमडली आणि पुढे कित्येक महिने राज्यातल्या शिक्षकांचे पगार पुन्हा ऑफलाइन करावे लागले. सगळं एकाच ठिकाणी ठेवलं की बंदही एकदमच पडतं. आणि २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचा घोटाळा उघड झाला. खोट्या नेमणुकांवर खरे पगार! यंत्राला जे भरवलं तेच ते खरं मानतं. तेव्हा हिशेबाची प्रत दुसरीकडे ठेवायची आणि मंजुरी देणारं माणूस जागं ठेवायचं, हे सुटत नाही.

तसंच, सॉफ्टवेअर दानत देत नाही. पैसे असून द्यायचे नसतील, तर जगातला कुठलाही ढग बरसणार नाही! पण ते एक करतं, सबबीची जागा कमी करतं. 'साहेब रजेवर', 'फाइल सापडत नाही', 'बिल मिळालंच नाही', ही सगळी वाक्यं बाद होतात. मग उरतं एकच वाक्य, 'आम्ही दिले नाहीत.' ते मोठ्या कंपनीलाही उघडपणे म्हणायला जड जातं.

तुमच्यापैकी आणि आमच्या नातेवाइकांपैकी कितीतरी जण अशा कंपन्यांत वरच्या जागांवर आहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे. नवं सॉफ्टवेअर घ्याल तेव्हा किती माणसं वाचली याचा हिशेब कराच. पण घोटवडे फाट्यावरच्या एखाद्या शेडमध्ये बसलेल्या माणसाला आपल्या पैशाची तारीख कळते का, हेही विचारा. कळत नसेल, तर निम्मंच सॉफ्टवेअर वापरताय असं समजा.