एवढा हुशार, आणि रडतोस?

‘एवढा हुशार तू, आणि एवढ्याशा गोष्टीवरून रडतोस?’ हे वाक्य आपल्याकडे जितक्या घरांत ऐकू येतं, तितक्या घरांत स्कॉलरशिपची पुस्तकंही नसतील. बुद्धी आली की तिच्यामागोमाग समजूतदारपणा आपोआप यावा, अशी आपली अपेक्षा. तो आला नाही, तर मुलगा ‘रडूबाई’ आणि मुलीची ‘नाटकं’.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी या वस्तीवर दरड कोसळली, तेव्हा माझा भाचा तिसरीत होता. सहावीचं गणित हसत सोडवणारा पोरगा. टीव्हीवरच्या बातम्या बघून त्याचं जेवणातलं लक्ष उडालं. रात्री आईला हलवून विचारतो, ‘गोठ्यातली गुरं बांधलेली होती का गं?’ बांधलेली असतील तर त्यांना पळता आलं नसणार, हे त्याचं त्यानेच ताडलं होतं. मग वहीत आपल्या इमारतीमागची टेकडी काढून तो रोजच्या पावसाचे मिलिमीटर टिपायला लागला. ‘टीव्ही बंद करा, विसरेल,’ असं घरातल्या मोठ्यांचं मत पडलं. तो विसरला नाही. फक्त विचारायचा थांबला. ते जास्त वाईट.

डोकं बारा वर्षांचं, मन आठ वर्षांचं, अशी ही ओढाताण असते. संकट किती मोठं आहे ते कळतं, पण ते पेलायची ताकद वयाइतकीच. लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच हे ओळखलं होतं. पोलंडचे मनोविकारतज्ज्ञ काझिमेश दोंब्रोव्स्की (१९०२–१९८०) यांनी तर अशा तीव्र संवेदनशीलतेचे पाच प्रकार सांगितले : शरीराची, इंद्रियांची, कल्पनेची, बुद्धीची आणि भावनेची. पहिल्या महायुद्धात रणभूमीवरचे मृतदेह त्यांनी लहानपणी स्वतः पाहिले होते. मुलाच्या या उत्कटतेकडे ते निव्वळ विकार म्हणून बघत नसत. तिच्यातून माणूस वाढूही शकतो, असं त्यांचं म्हणणं.

अर्थात प्रत्येक हुशार मूल हळवं नसतं आणि प्रत्येक हळवं मूल विलक्षण बुद्धीचं नसतं. ‘आमचा फार संवेदनशील आहे हो’ असं कौतुकाने सांगत त्याची आदळआपट खपवून घेणाऱ्या पालकांनी इथे खूश होऊ नये. राग येणं मान्य. ताट भिरकावणं नाही.

पुण्यात ज्ञानप्रबोधिनी या संस्थेने १९६२ मध्ये बुद्धिमान मुलांसाठी वेगळा विचार सुरू केला. घराघरांतला आपला विचार मात्र अजून गुणवत्ता यादीपाशीच अडलेला आहे. पहिला नंबर हुकला म्हणून मूल पेपर फाडतं, तेव्हा आपण पुढच्या परीक्षेचा क्लास शोधतो.

भाच्यासाठी बहिणीने शेवटी केलं ते साधंच होतं. ‘असं काही होत नाही रे’ म्हणणं तिने सोडलं, कारण होतं हे त्याला ठाऊक होतं. ‘तुला भीती वाटतेय, मलाही वाटली,’ म्हणाली आणि त्याच्याजवळ वही घेऊन बसली. टेकडीबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारायला त्यालाच बरोबर नेलं. त्याने खाऊचे पैसे दरडग्रस्तांना मदत म्हणून दिले. झोपण्यापूर्वी बातम्या बंद, पण संध्याकाळी प्रश्नांना मोकळीक. भीती एका रात्रीत गेली नाही, पण तो पुन्हा बोलायला लागला.

तुमच्याकडे असं मूल असेल तर रडू ओसरेपर्यंत उपदेश आवरा. वर्गशिक्षकांना आधीच कल्पना देऊन ठेवा. आणि झोप, जेवण, शाळा यांची घडी काही आठवडे विस्कटलेलीच राहिली, तर सरळ समुपदेशकाकडे किंवा बालमानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ‘हुशार मुलाला कशाला हवाय डॉक्टर?’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजा आणि वाटेला लावा.