ऑफसाइड म्हणजे काय ते आधी सांगा



या वेळी भित्तिपत्रकासाठी बाईंनी 'माझे मत' हा विषय दिला आहे. पुष्कळ मुलांनी झाडे लावा, पाणी वाचवा असे लिहिले आहे. ते चांगलेच आहे. पण माझे मत फुटबॉलच्या शब्दांबद्दल आहे. मैदानावर मोठी मुलं जे इंग्रजी शब्द ओरडतात त्यांचा अर्थ खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांगितला पाहिजे, असे माझे मत आहे. लहानांना, मुलींना आणि बांधावर बघत बसलेल्या आजीला पण.

का ते सांगते.

आमच्या तारोडीत भात कापून झाले की शेताचे मैदान होते. धसकटं पायाला टोचतात, म्हणून पोरं आधी दोन दिवस ती तुडवून सपाट करतात. चार बांबू रोवले की दोन गोल तयार. गेल्या नाताळच्या सुट्टीत वरची आळी आणि खालची आळी अशी मॅच होती. माझा दादा वरच्या आळीत. तो आठवीत आहे. त्याचा सगळ्यात जवळचा मित्र खालच्या आळीत. मी कडेला उभी होते, कारण चेंडू लांब गेला की आणायचं काम माझं. तेवढंच काम मुलींना देतात.

२-२ झाले होते. काळोख पडायला आला होता. चेंडू रेघेबाहेर गेला आणि खालच्या आळीला थ्रो मिळाला. दादाचा मित्र सगळ्यांच्या पुढे, एकदम आमच्या गोलीजवळ उभा होता. त्याच्या आळीच्या पोराने दोन्ही हातांनी चेंडू त्याच्याकडे टाकला, त्याने तो पायाने अडवला आणि सरळ गोलात मारला. खालची आळी नाचायला लागली. तेवढ्यात दादा मोठ्याने ओरडला, "ऑफसाइड! गोल नाय!"

सगळे गप्प झाले. कारण चेंडू दादाचा, आणि दादा इंग्रजी शाळेत जातो.

मित्राने विचारले, "कसा काय ऑफसाइड? सांग ना."

दादा म्हणाला, "तुला इंग्लिश कळत नाय तर मी काय करू?"

तो काही बोलला नाही. बांधावरच्या चपला उचलल्या आणि घरी गेला. त्या दिवसापासून तो खेळायला येत नाही. दोघे एकाच बसने भाईंदरला जातात, पण आता एक पुढे बसतो आणि एक मागे. आई म्हणते, एवढ्याशा चेंडूवरून कोणी भांडतं का? पण ते चेंडूवरून भांडले नाहीत. ते एका शब्दावरून भांडले.

मग मी ठरवले की हा शब्द शोधून काढायचा. मी पाच जणांना विचारले. एक म्हणाला, गोलीसमोर उभं राहिलं की ऑफसाइड. दुसरा म्हणाला, चेंडू रेघेबाहेर गेला की ऑफसाइड. तिसऱ्याने सांगितले, उजवीकडची ऑनसाइड आणि डावीकडची ऑफसाइड. चौथा म्हणाला, तुला काय करायचंय? पाचवी माझी आजी. ती म्हणाली, "गो, साइड म्हणजे बाजू. ऑफ म्हणजे बत्ती बंद करतात तसं. बंद बाजू." मला वाटते पाचांत आजीचेच उत्तर बरे होते.

शेवटी मी बाईंना विचारले. बाईंनी मोबाइलवर फुटबॉलच्या नियमांचे पुस्तक उघडले. फुटबॉलचे १७ नियम आहेत आणि ऑफसाइडचा नियम ११ वा. बाईंनी फरशीवर चिंचोके मांडून मला शिकवले. आपला गडी चेंडू मारतो त्या क्षणी बघायचे. आपण समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात असलो, चेंडूच्याही पुढे असलो, आणि आपल्या व त्यांच्या गोलरेघेच्या मध्ये त्यांचा एकच गडी उरला असेल (तो बहुतेक गोलीच असतो), तर आपण ऑफसाइडला उभे आहोत. शेवटून दुसऱ्या गड्याच्या बरोबरीत असलो तर चालते. आणि नुसते उभे राहणे हा गुन्हा नाही. तिथे उभे राहून चेंडू खेळला किंवा समोरच्याला अडवले तर शिट्टी.

हा नियम पण एकसारखा राहिलेला नाही. १९२५ सालापर्यंत पुढे दोन नाही, तीन गडी लागायचे. म्हणजे मोठ्या माणसांनी केलेला नियमसुद्धा मोठी माणसे बदलतात.

मग बाईंनी पुढची ओळ वाचली आणि मी चिंचोके तसेच टाकून उभी राहिले. थ्रो-इनवरून चेंडू आला तर ऑफसाइड नसतो. कॉर्नरवरून आला तरी नसतो. गोल-किकवरून आला तरी नसतो.

म्हणजे दादाच्या मित्राचा गोल, गोल होता.

मी घरी जाऊन दादाला सांगितले. तो आधी म्हणाला, तुझ्या बाईंना काय माहीत? मग मी पुस्तकात आहे म्हणून सांगितले तर जेवताना काही बोलला नाही. रात्री म्हणाला, "मला पण नीट माहीत नव्हतं गं. टीव्हीवर ऐकलं होतं." हे मी भित्तिपत्रकात लिहिणार म्हटल्यावर म्हणाला, "लिही, पण माझं नाव घालू नको." म्हणून मी कोणाचेच नाव घातले नाही.

माझे म्हणणे असे की दादा खोटारडा नाही. त्याच्याकडे शब्द होता, अर्थ नव्हता. आणि बाकीच्यांकडे शब्द पण नव्हता, म्हणून ते गप्प बसले.

तेव्हापासून मी एका वहीत फुटबॉलचे शब्द लिहिते. त्यात एवढं इंग्रजी निघालं की मला आश्चर्य वाटलं. पेनल्टीला आमच्याकडे सगळे पेलन्टी म्हणतात. तिचा अर्थ दंड. लाइटबिल भरायला उशीर झाला की पप्पा म्हणतात पेनल्टी लागली, तोच हा शब्द. ती ११ मीटरवरून मारतात. आमच्याकडे ११ ढांगा मोजतात, पण कोणाच्या ढांगा यावर निराळे भांडण होते. पास म्हणजे चेंडू आपल्या गड्याला देणे, परीक्षेत पास होणे आणि बसचा पास, तिन्ही एकच. गोली हा शब्द मला गावठी वाटायचा. बाई म्हणाल्या, तो खरा इंग्रजीच आहे, गोलकीपरला इंग्रज लाडाने गोली म्हणतात. आणि फाऊल शब्द मी शब्दकोशात शोधला तर अर्थ निघाला कोंबडी! बाई खूप हसल्या. दोन फाऊल आहेत. डब्ल्यूवाला कोंबडी आणि यूवाला खेळातला. म्हणून स्पेलिंग पाठ करावे लागते हे मला पटले. याआधी पटले नव्हते.

हॅट्ट्रिक हा शब्द मुळात क्रिकेटचा. १८५८ साली इंग्लंडमध्ये एका गोलंदाजाने लागोपाठ ३ चेंडूंवर ३ गडी बाद केले, तेव्हा लोकांनी पैसे जमवून त्याला हॅट दिली. फुटबॉलमध्ये एकाने ३ गोल केले की हॅट्ट्रिक. आपल्या नेव्हिल डिसूझा यांनी १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर हॅट्ट्रिक केली आणि भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. ते मूळचे गोव्याचे, आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळायचे. मुंबई आमच्यापासून काही लांब नाही.

पप्पांच्या वर्तमानपत्रात मात्र वेगळेच शब्द असतात. गोलरक्षक, बचावपटू, आघाडीपटू, मध्यंतर, विश्वचषक. मला ते आवडतात, वाचायला भारदस्त वाटतात. पण शेतात कोणी "गोलरक्षका, चेंडू सोड!" असं ओरडलं तर तोवर गोल होऊन जाईल. म्हणून दोन्ही यावेत. लिहायला ते आणि ओरडायला हे. अमेरिकेत तर फुटबॉलला सॉकर म्हणतात. तो शब्द पण इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांनीच असोसिएशन या शब्दाचे तुकडे करून बनवला. मग आमच्या पेलन्टीला कोणी हसू नये.

काही मुलं म्हणतात, फुटबॉलला शब्द कशाला, पाय पाहिजेत. हे थोडे खरे आहे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून फक्त २-१ ने हरले. त्यात आपल्या दोन पेनल्टी चुकल्या, नाहीतर बघायलाच नको. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला, तो पण पायांच्या जोरावर. पण पाय कितीही चांगले असले तरी शिट्टी कशाला वाजली हे कळले नाही तर काय होते, ते ऐका.

१९६६ साली लंडनला वेम्बली मैदानावर विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांची मॅच होती. पंच जर्मनीचे होते. त्यांनी अर्जेंटिनाचा कप्तान रॅटिन याला मैदानाबाहेर जायला सांगितले. रॅटिन स्पॅनिश बोलणारा, आणि पंचांना स्पॅनिश येत नव्हते. का बाहेर जायचे ते त्याला कळेना. तो बराच वेळ जागचा हलला नाही. एवढा मोठा खेळाडू, पण त्याचे आमच्या खालच्या आळीसारखेच झाले. तेव्हा सगळ्या पंचांचे प्रमुख केन ॲस्टन नावाचे गृहस्थ होते. पुढे ते मोटारीने जात असताना सिग्नल लागला, पिवळा आणि मग लाल. त्यांना सुचले की रंग सगळ्यांना कळतो, त्याला भाषा लागत नाही. तेव्हापासून कार्डांची कल्पना निघाली आणि १९७० च्या मेक्सिकोच्या विश्वचषकात ती पहिल्यांदा आली. पिवळे म्हणजे ताकीद, लाल म्हणजे बाहेर.

पण ऑफसाइडला कार्ड नाही. तो तोंडानेच समजावून सांगावा लागतो.

म्हणून माझी मागणी आहे. आमच्या मैदानावर मॅचच्या आधी ५ मिनिटे शब्दांसाठी ठेवावीत. ज्याने शब्द ओरडला त्याला अर्थ विचारायचा सगळ्यांना हक्क असावा, चेंडू आणणाऱ्या मुलींना पण. अर्थ सांगता आला नाही तर तो शब्द धरायचा नाही. आणि "तुला इंग्लिश कळत नाय" असे कोणी म्हटले तर त्याच्याविरुद्ध एक फ्री-किक द्यावी. हा नियम १७ नियमांत नाही, तो माझा आहे.

या लेखाच्या शेजारी मी ऑफसाइडचे चित्र काढून लावले आहे. लाल ठिपके वरची आळी, निळे ठिपके खालची आळी. खाली वही दोऱ्याने बांधली आहे. पालकांपैकी कोणी लहानपणी फुटबॉल खेळले असतील तर त्यांनी आपले शब्द त्यात लिहावेत, पेन तिथेच आहे.

दादाच्या मित्राची बहीण आमच्या शाळेत दुसरीत आहे. तिची आई पालकसभेला येते. काकी, तुम्ही हे वाचलंत तर त्याला सांगा, तो गोल होता. ३-२.

— इयत्ता चौथी, तारोडी